खुराडं नंबर चार

रॉथनशॉ
गुरुवार, ८ जून १९५०

एनिड,

सगळं बदललं ते परवा, मंगळवारी, संध्याकाळी सव्वासहाला. ऑफिसातून थेट तुमच्या मागच्या अंगणात आलो, तर खुराड्याचं, त्या कौन्सिलच्या लाकडी खोपटाचं, दार सताड उघडं, खाटेवरची गादी दुमडलेली आणि तुझा झाकणाचा मग धुऊन खिडकीत पालथा घातलेला. क्षयाच्या पेशंटचा मग पालथा घालतात तो केव्हा, हे आमच्या खात्यात शिपायालाही ठाऊक असतं. मी ओरडलो असणार. तुझी आई पिठाच्या हातांनी बाहेर धावत आली.

"बोंबलतोयस काय? जिवंत आहे ती. परत गेली वर, सॅनेटोरियमला. तुमच्या खात्याच्या नर्स मिस थ्रेलफॉल कौन्सिलची गाडी घेऊन आल्या होत्या."

"नेली? कोणी सांगितलं न्यायला?"

"कोणी नाही. तीच मागे लागली होती शुक्रवारपासून. आपणहून गेली."

आपणहून! दहा महिने त्या डोंगरावर उघड्या व्हरांड्यात पडून काढलेस, पांघरुणावर बर्फ साचायचं म्हणून हसत सांगितलंस. फेब्रुवारीत मला लिहिलंस, 'अजून एक महिना इथे राहिले तर फुप्फुसं बरी होतील आणि डोकं जाईल.' आणि आता तीन महिनेही झाले नाहीत घरी येऊन, तर आपणहून परत? मला एक शब्द न सांगता?

तुझ्या आईला विचारलं, का गेली. ती म्हणाली, "मीही विचारलं. म्हणाली, लेनला कळेल."

लेनला काहीही कळत नाही. लेन मूर्ख आहे. लेननं एक्स-रेत तुझ्या छातीवर डाग दिसला त्या आठवड्यात मँचेस्टरचं कॉलेज सोडलं, दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून, तिथल्या वॉर्डनच्या तोंडावर दार आपटून, आणि टाउन हॉलच्या तळघरात आरोग्य खात्याचा कारकून होऊन बसला. का, तर तिथून डोंगराची बस सुटते. बापानं अजून माझ्याशी बोलणं टाकलंय. खात्यातला सेप ग्रिमशॉ मला 'प्रोफेसर' म्हणतो आणि पिंपं उचलायला लावतो. हे सगळं कोणासाठी?

मला पत्र लिही. रागाचं लिही. तुझ्या घराचं दार मी जाताना आपटलं, वरच्या काचेला तडा गेलाय. काच मी बसवून देईन. तू म्हणायचीस ना, 'लेन, तुझं म्हणणं माणसांपेक्षा दारांनाच जास्त ऐकावं लागतं.' ऐकायला दुसरं कोणी उरलंच नाही, तर काय करू?

परत ये. किंवा निदान का गेलीस ते सांग. मी रविवारच्या बसनं येतोय.

तुझा,
लेन

बुधवार, १४ जून

एनिड,

रविवारी आलो होतो. फाटकावरच्या सिस्टरनं वहीत पाहिलं आणि म्हणाली, "मिस हॅल्सॉल भेटीला कोणी नको म्हणतात." मी म्हणालो, मी कोणी नाही, मी लेनर्ड ऑर्मरॉड. ती म्हणाली, "तुमचंच नाव दिलंय त्यांनी." मग मी जे बोललो ते तुला तिनं सांगितलंच असेल. चार मैल पायी उतरलो, बस सोडून दिली.

काल तुमच्या अंगणातून खुराडं हलवलं. सेप आणि मी. कागदावर त्याचं नाव 'निवारा क्रमांक चार', पण तुमच्या गल्लीत जसं, तसंच गावभर, सगळे खुराडंच म्हणतात. कौन्सिलकडे अशी सहाच आहेत, आणि क्षयाची माणसं साठावर. तू गेल्यावर ते रिकामं ठेवता येत नाही. आधी दारं-खिडक्यांच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, आत जंतू मारणाऱ्या औषधाचा दिवा लावला, आणि सहा तासांनी उघडलं. सेपचे डोळे पाणावले. म्हणाला, "धुरानं हं, प्रोफेसर. प्रेमानं रडायचं काम तुझं."

मग छपराच्या फळ्या उतरवताना तो थांबला.

तुला माहीत आहे ती फळी. खाटेवर उताणं झोपलं की बरोब्बर डोळ्यांसमोर येते ती. तिच्यावर सेप सुताराच्या पेन्सिलीनं प्रत्येकाचं नाव लिहितो. ही त्याची स्वतःची पद्धत, खात्याची नाही. नाव, दिल्याची तारीख, आणि परत आल्याची तारीख. तुझ्या आधी आठ नावं आहेत. पाचांपुढे परतीची तारीख आहे, तिघांपुढे नुसती रेघ. मी एकदा विचारलं होतं, ह्या तिघांची तारीख लिहायला विसरलास का? तो म्हणाला, "परत द्यायला माणूस लागतो, बाबा."

काल त्यानं फळी उजेडात धरली. म्हणाला, "इथे मी एक नाव लिहिलं होतं मार्चमध्ये. ते खोडलंय कोणी? आणि हॅल्सॉल लिहिलंय ते माझं अक्षर नाही."

मी म्हणालो, "ऐन वेळी बदल झाला. मीच लिहिलं."

"असं होय," तो म्हणाला, आणि तुझ्या नावापुढे कालची तारीख घातली. चांगली ठळक. मला त्याचे हात धरावेसे वाटले.

एनिड, खोडलेल्या नावाच्या खाली नखानं ओढलेली एक रेघ आहे. खोल आहे, लाकूड पांढरं दिसतंय. ती तुझी, हो ना?

खुराडं आता जिन्नी गल्लीत गेलंय, हॅरोल्ड टॅटरसॉल नावाच्या विणकराच्या अंगणात. अंगण एवढंसं, खुराडं बसवलं तर संडासाचं दार अर्धंच उघडतं. त्याची बायको एडना म्हणाली, "बारीक माणसं आहोत आम्ही, जाऊ तिरकं होऊन." सेप खूप हसला. मी हसलो नाही. दाढ दुखतेय माझी, मेपासून.

लिही. एक ओळ लिही.

लेन

रविवार, २५ जून

एनिड,

दाढ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती.

आणि पहिल्या पत्राची पहिली ओळ खोटी आहे. सगळं बदललं ते सहा जूनला नाही. ते बदललं अकरा मार्चला, शनिवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, दुसऱ्या टपालाबरोबर.

तुला ठाऊक आहे ते सोडून बाकीचं सांगतो. तुला किती ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून सगळंच सांगतो.

त्या गुरुवारी मदत समिती बसली होती. खुराडं नंबर चार रिकामं झालं होतं आणि मागणारे अकरा. मिस थ्रेलफॉल उभ्या राहून घरोघरचं वाचत होत्या. टॅटरसॉलचं घर खाली एक खोली, वर एक खोली. नवरा थुंकीत जंतू असलेला, सॅनेटोरियमच्या यादीत सतरावा, कारण नर्सा नाहीत म्हणून तिथला अर्धा वॉर्ड बंद. दोन मुलं त्याच खोलीत झोपतात, त्यातलं धाकटं दीड वर्षाचं. समितीनं दोन मिनिटं घेतली. पहिला टॅटरसॉल. त्याचं काही अडलं तर दुसरी हॅल्सॉल.

तू दुसरी कशी काय, तर मीच तुझा अर्ज इतका रंगवून टाइप केला होता की समितीतल्या पाद्रीसाहेबांनी रुमाल काढला. खरं म्हणजे तुला कसलीच घाई नव्हती. तू वर बरी होत होतीस. डॉक्टर म्हणाले होते, सप्टेंबरपर्यंत राहू दे. तुझी ती 'डोकं जाईल' ओळ मी पाकिटासकट समितीपुढे ठेवली. ती तू गमतीनं लिहिली होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता नियम असा की अंगण भाड्याच्या घराचं असेल तर घरमालकाची लेखी संमती हवी, आणि ती शनिवारी दुपारी बारापर्यंत यायला हवी. ऑफिस बाराला बंद होतं. नाही आली, तर खुराडं पुढच्याला. तुमच्या मालकाची संमती मी स्वतः दारात उभं राहून आधीच घेऊन ठेवली होती. टॅटरसॉलची शुक्रवारीही नव्हती. शनिवारी पहिल्या टपालातही नव्हती. साडेदहाला मी मनात तुझी खाट कुठल्या भिंतीला लावायची ते ठरवत होतो.

मग दुसरं टपाल आलं. निळं पाकीट, घरमालकाच्या एजंटाचा शिक्का. मी फोडलं. संमती होती.

तळघरात मी एकटा होतो. सेप गाडीवर गेला होता. मी ते पाकीट खणात ठेवलं, टाइपरायटरच्या फितीच्या डब्याखाली. खण लोटला. इतकंच. फाडलं नाही, जाळलं नाही. बारा वाजता टॅटरसॉलच्या कार्डावर लिहिलं, 'संमती नाही'. सोमवारी सकाळी पाकीट काढलं आणि त्याच्यावर सोमवारचा शिक्का मारला. मग गोदामात गेलो. सेपनं शुक्रवारीच फळीवर टॅटरसॉल लिहून ठेवलं होतं. ते खोडून तुझं नाव लिहिलं.

मला वाटलं, दोन आठवडे. पुढचं खुराडं सुटेल, ते त्यांना जाईल. एप्रिलमध्ये सुटलं नाही. मेमध्येही सुटलं नाही. बावीस मेला मिस थ्रेलफॉल खाली आल्या, ओली छत्री माझ्या टेबलाला टेकवली, आणि म्हणाल्या, "टॅटरसॉलची धाकटी ज्यून. मेंदूला चढलाय क्षय. इस्पितळात आहे." आणि कार्ड मागितलं. मी कार्ड दिलं. माझ्याच अक्षरातलं 'संमती नाही' त्यांनी वाचलं, आणि म्हणाल्या, "दोन दिवसांनी हुकलं बिचाऱ्यांचं."

त्या संध्याकाळी तुमच्याकडे आलो तेव्हा तू विचारलंस, चेहरा का असा? मी म्हणालो, दाढ.

तू त्या फळीखाली झोपून बारा आठवडे ते खोडलेलं नाव वाचत होतीस. माझं अक्षर तुला ओळखू येणारच, दोनशे पत्रं आहेत तुझ्याकडे. मिस थ्रेलफॉलना सहज विचारलंस असणार, टॅटरसॉल कोण? आणि त्यांनी सहज सांगितलं असणार.

आता मी सगळं सांगितलंय. काहीही लपवलं नाही. मला तू जवळ हवी होतीस. रोज संध्याकाळी सव्वासहाला तुझ्या खाटेच्या पायाशी बसायचं होतं. माझ्या गुन्ह्याचं नाव एवढंच आहे, आणि ते तुझंच नाव आहे.

आता तरी लिहिशील?

लेन

गुरुवार, ६ जुलै

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. मी पाठ केल्यात, अवघड नाहीत. 'मला कशाला सांगतोस? माझी मुलगी नाही ती. त्यांना सांग.' खाली सहीसुद्धा नाही.

बरं, मी जाऊन सांगतो, आणि मग काय होईल? पोरगी बरी होईल? त्या माणसाच्या छातीतली भोकं बुजतील? माझी नोकरी जाईल, कदाचित पोलीस येतील. आणि त्या दोघांना काय मिळेल, तर आजवर जे नशीब म्हणून गिळलं ते आता एका माणसाचं तोंड होऊन समोर उभं राहील. हे तू मागतेस? आणि कोणता डॉक्टर सांगेल की नेमकी त्या दिवसांतच लागण झाली? ती दीड वर्षं त्याच खोलीत झोपत होती! मार्चच्या आधीच लागली असेल! हे तू लक्षात घेतलंस?

आणि गुन्हा तुझ्या नावाचा म्हणालो त्याचा तुला राग आला, हे मला कार्डावरच्या टाकाच्या दाबावरून कळलं. ते वाक्य चांगलं जमलं म्हणून लिहिलं होतं. आता वाचतो तेव्हा किळस येते. ते परत घेतो. तू काही केलं नाहीस. तू झोपली होतीस.

मी जाणार नाही. हे पत्र टाकल्यावर मी तुला लिहिणारही नाही. दोन महिन्यांनी तुझा राग उतरला की बघू.

ले.

रविवार, २२ ऑक्टोबर

एनिड,

मिस थ्रेलफॉल म्हणाल्या की तुला आता पूर्ण विश्रांती दिलीय. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, पुस्तक धरायचं नाही, पत्रंसुद्धा सिस्टरच वाचून दाखवतात. हे वाचणाऱ्या सिस्टर, फाटकावर मी जे बोललो होतो त्याबद्दल माफ करा. पुढचंही मोठ्यानंच वाचा.

मागच्या सोमवारी ज्यून टॅटरसॉल घरी आली. पाच महिने इस्पितळात होती. मी खालीच होतो, मिस थ्रेलफॉल दुधाच्या कुपनांचा गठ्ठा मोजून घेत होत्या. मी विचारलं, कशी आहे ती?

"जगली," त्या म्हणाल्या. "पाठीच्या कण्यातून, कधी मानेतून, रोज ते नवं इंजेक्शन. पाच जण धरायला लागायचे, मग तीन, मग एकच. सवय झाली पोरीला."

"म्हणजे बरी आहे."

"जीव राखला त्यानं. कान घेऊन गेलं. काही ऐकू येत नाही तिला. दोन वर्षांची आहे, चार शब्द यायचे, तेही आता विसरेल." त्यांनी गठ्ठ्याला रबर लावलं. "बधिरांच्या शाळेच्या यादीत नाव घाल तिचं. पाच वर्षांची झाली की घेतील."

मी कार्ड काढलं. टाइप करायला बसलो. ट, टॅ. आणि मग मी त्यांना सांगितलं. बसूनच, टाइपरायटरकडे बघत. निळं पाकीट, खण, सोमवारचा शिक्का.

त्या उभ्याच होत्या. मला वाटलं ओरडतील. मला हवं होतं त्यांनी ओरडावं. त्या म्हणाल्या, "माझ्या वहीत आज अजून अकरा घरं आहेत, ऑर्मरॉड. तुला शिव्या द्यायला थांबले तर त्यातली दोन राहतील." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "कोणत्या रात्री लागलं ते कोणालाच सांगता यायचं नाही. हे तुझ्या समाधानासाठी सांगत नाहीये. उलट सांगतेय. तुला ते कधीच कळणार नाही. डॉक्टरसाहेबांना लेखी दे. आणि त्या घरी जा."

शुक्रवारी लेखी दिलं. डॉक्टरसाहेबांनी वाचून चष्मा काढला आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाले. चौकशी बसेल. खाली गोदामात सेपला सांगायला गेलो, तर त्याला आधीच कळलं होतं. फळीबद्दल त्यानं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "किल्ल्या खिळ्याला अडकव, ऑर्मरॉड." दीड वर्षात त्यानं मला आडनावानं हाक मारलेली ही पहिलीच.

काल, शनिवारी दुपारी, जिन्नी गल्लीत गेलो.

एडना टॅटरसॉल बटाटे सोलत होती. मोठा मुलगा फुटबॉल बघायला गेला होता. "कौन्सिलचे साहेब," ती म्हणाली, "या, पाय पुसा. आता काय मोजायचं राहिलंय? संडासाचं दार?"

शेगडीपुढच्या गोधडीवर ज्यून बसली होती, माझ्याकडे पाठ. डोक्यावरचे केस भादरलेले, आता बोटभर आलेत. कपड्यांच्या चिमट्यांचा पत्र्याचा डबा पुढ्यात, आणि झाकणानं ती तो डबा बडवत होती. खण, खण, खण. त्या एवढ्याशा खोलीत तो आवाज दातांत जात होता. एडना तिच्याकडे न बघता म्हणाली, "हाताला लागतो ना धक्का, ते आवडतं तिला. शेजारची भिंत ठोकते. ठोकू दे म्हणावं."

मी उभ्यानंच सांगितलं. खुर्ची दिली होती तिनं, बसलो नाही. डबा वाजत होता म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगाव्या लागतील असं वाटलं नव्हतं.

तिचा चाकू थांबला.

"कधी आलं म्हणालात?"

"शनिवारी. अकराला दहा कमी."

"सकाळी."

"सकाळी."

"बाराच्या आत."

"हो."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तिनं अर्धा सोललेला बटाटा पाण्यात ठेवला. हात पुसले, एकेक बोट.

"मी गुरुवारी जायला हवं होतं एजंटाकडे," ती म्हणाली. "गुरुवारी जादा पाळी होती गिरणीत, म्हणून शुक्रवारी गेले. त्यानं माझ्यासमोर सही केली, मी माझ्या हातानं पेटीत टाकलं पाकीट. सोमवारी तुमचा कागद आला, वेळेत पोचलं नाही म्हणून. हॅरोल्ड म्हणाला, गुरुवारी गेली असतीस तर. एवढंच म्हणाला. मग पोरीला नेलं, तेव्हा परत म्हणाला. त्यानंतर काही म्हणाला नाही. काहीच म्हणत नाही तो माझ्याशी. ताट नेते, खिडकीतून घेतो, आणि भिंतीकडे बघत खातो." तिचा आवाज चढला नव्हता. "पोरीच्या पाठीत सुई घालताना मी तिचे पाय धरायचे. आणि मनात काय यायचं सांगू? गुरुवार. तिचे पाय धरून मी गुरुवार म्हणायचे."

एनिड, मी हे मोजलं नव्हतं. खण लोटताना मी त्या माणसाची खाट मोजली होती, फार तर पोरीची. ह्या बाईला मी हिशेबात धरलंच नव्हतं.

"मिसेस टॅटरसॉल, मला..."

"माफीबिफी काढलीस तर ही परात डोक्यात घालीन," ती म्हणाली. अहो-जाहो गेलं होतं. "चल. मागे चल. मला काय सांगतोस? त्याला सांग. माझ्यासमोर सांग."

खुराड्याची पुढची झडप वर टांगलेली होती. हॅरोल्ड टॅटरसॉल लोकरी टोपी घालून उशांना टेकून बसला होता. मी त्याला जूनमध्ये पाहिला होता, त्याच्या निम्मा उरलाय. त्याच्या डोक्यावर तीच फळी. तुझं नाव, दोन तारखा, आणि खाली सेपनं पुन्हा लिहिलेलं त्याचं.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. हात पाठीमागे बांधले होते, तो मारेल म्हणून. मारायला उठावं लागतं. तो उठला नाही. सांगून झालं तेव्हा त्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही हॅल्सॉल," तो म्हणाला, "तुझी कोण?"

"लग्न करणार होतो."

"बरी आहे?"

"परत वर गेली. आता उठूही देत नाहीत."

"म्हणजे तिलाही नाही लाभलं," तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला. बराच वेळ. एडना त्याचा झाकणाचा मग घेऊन पुढे झाली. खोकला थांबल्यावर त्यानं मग घेतला नाही. तो तिच्याकडे बघत होता.

"शुक्रवारी टाकलं होतंस तू," तो म्हणाला.

"सांगत तर होते."

"सांगत होतीस."

त्यानं हात पुढे केला आणि मध्येच ओढून घेतला. पेशंटनं घरच्यांना शक्यतो शिवू नये, असं आमच्याच खात्याचं छापील पत्रक त्या खुराड्याच्या दारामागे डकवलेलं असतं. एडनानं तो हात अर्ध्यात पकडला. दोन्ही हातांनी. मग ती तिथेच, खुराड्याच्या उंबरठ्यावर, ओल्या एप्रनानिशी खाली बसली आणि त्याच्या हाताला डोकं लावून रडायला लागली. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या. तो नुसता "एडी, एडी" म्हणत होता.

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. जा म्हणायलाही कोणी नव्हतं. मी थोडा वेळ थांबलो, शिक्षा सांगायची राहिलीय असं वाटून. मग लक्षात आलं की त्यांना माझ्याशी काही काम उरलेलं नाही.

अंगणातून परत घरात आलो. ज्यूननं आता चिमटे गोधडीवर ओळीनं मांडले होते आणि रिकामा डबा पोटाशी धरून ती शेगडीकडे बघत होती. अंगणातून आईचं रडणं स्वच्छ ऐकू येत होतं. तिच्या मानेवर, केस सुरू होतात तिथे, सुईच्या जुन्या खुणा. मी नाव घेतलं तिचं. ज्यून. मग मोठ्यानं घेतलं. ती एक चिमटा उचलून दुसऱ्या जागी ठेवत होती, अगदी काळजीपूर्वक.

तुझ्या कार्डाप्रमाणे मी त्यांना सांगितलं. त्यापुढे काय ते तुझ्या कार्डात नव्हतं, आणि आता मी विचारणारही नाही.

कडी उचलली, बाहेर पडलो, आणि पोर दचकू नये म्हणून दार अगदी हळू ओढून घेतलं.